निळं टोपण

नळ्यांची टोपणं उघडण्यात धाकटीचा हात धरणारं त्या प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. एका वेळी एकच नळी उघडावी, असा नियम भिंतीवर ठसठशीत अक्षरांत लावलेला होता. पण असले नियम नवशिक्यांसाठी असतात, अशी तिची समजूत होती. एक नळी डाव्या हातात, एक उजव्या हातात, दोन्ही अंगठ्यांचा एक झटका, की दोन्ही टोपणं एकदम तळहातात. बघणारे ‘वा!’ म्हणायचे. त्या ‘वा!’ची तिला चटक लागली होती, आणि पुढचं सगळं त्या चटकेपायीच घडलं.

प्रयोगशाळा अंतराळात जाऊन येणाऱ्यांच्या रक्ताची होती. वर गेलं की माणसाचं वजन नाहीसं होतं, ही गंमत लहान मुलांनाही ठाऊक असते. पण त्याच्या रक्तातली राखणदार मंडळी, म्हणजे पांढऱ्या पेशी, त्यामुळे गोंधळून जातात, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एरवी डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्या पेशी सुस्तावतात. काम करणारी काही जनुकं गप्प बसतात, तर वर्षानुवर्षं झोपलेली काही जागी होतात. लहानपणी येऊन गेलेलं आणि नसांच्या मुळाशी दडून बसलेलं दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. हे कुणात किती होतं आणि खाली आल्यावर किती दिवसांनी निवळतं, ते मोजायचं काम इथे चाले.

मोजायला तुलना लागते. म्हणून वर जाणाऱ्या प्रत्येक माणसाला खाली एक जोडीदार शोधला जाई. वय तेवढंच, बांधा तसाच, रक्तगट तोच, लहानपणीची आजारपणंसुद्धा तीच. दोघांचं रक्त एकाच दिवशी काढायचं. वर जाणाऱ्याच्या नळीला निळं टोपण, खाली राहणाऱ्याच्या नळीला तपकिरी. बोलण्यात निळ्याला सगळे ‘आभाळ’ म्हणत आणि तपकिरीला ‘जमीन’. रक्ताचे थर वेगळे करायला नळ्या गरगर फिरवाव्या लागतात. त्या यंत्रात तोल साधण्यासाठी आभाळ आणि जमीन कायम समोरासमोर बसवायची, ही इथली जुनी रीत. नाव काय ते फक्त टोपणावर. नळीला चिकटवलेला कागद फ्रीझरच्या गारठ्यात गळून पडतो, म्हणून तो चिकटवणंच कधीतरी बंद झालं होतं.

या खेपेला आभाळ होती एक वैमानिक बाई. अर्धं आयुष्य विमानं उडवून झाल्यावर आता अंतराळस्थानकावर राहायला निघाली होती. आणि जमीन होती धाकटीची ताई.

ठरलेली जोडीदारीण ऐन वेळी आजारी पडली, तेव्हा धाकटीनेच ताईचं नाव सुचवलं. ताई कपडे शिवायची. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती. मधोमध कापायचं मोठं टेबल, खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीशी पलंग. आई गेल्यानंतर त्या मशीनवरच तिने धाकटीला वाढवलं होतं, शिकवलं होतं. वयाने, उंचीने, रक्तगटाने ताई चपखल बसली. कांजिण्याही येऊन गेलेल्या होत्या, दोघी बहिणींना एकदमच. ताईला हसू आलं होतं. “आयुष्यभर लोकांची मापं घेतली, आता माझं माप घ्या,” असं म्हणत तिने दंड पुढे केला होता.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी सकाळी दोघींचं रक्त काढून झालं आणि दुपारी फोटोवाले आले. वर्तमानपत्रांना, टीव्हीला काहीतरी दाखवायला हवं होतं. नळ्या फिरवून झाल्या होत्या, आता उघडायच्या होत्या. धाकटीने आपली करामत केली. ‘वा!’ झालं. मग कॅमेरावाला म्हणाला, “प्रकाश नीट नव्हता हो. एकदा परत करून दाखवाल?”

तिने परत करून दाखवलं. या वेळी हात किंचित अडखळला, एक टोपण टेबलावर घरंगळलं. ती हसली, कॅमेरावालाही हसला, आणि दोन्ही टोपणं जागच्या जागी बसली.

नळ्या फ्रीझरमध्ये ठेवता ठेवता ती थबकली. जागच्या जागी म्हणजे कुठल्या जागी? रक्त ते रक्त. आभाळाचं आणि जमिनीचं सारखंच दिसतं. तिने आठवून पाहिलं, हातांनी हवेत करून पाहिलं. छातीठोकपणे सांगता येईना. खरं तर अजून वेळ होता. वैमानिक त्याच आवारात, चार दारांपलीकडे होती. दोघींचं पुन्हा थोडं रक्त काढलं असतं की मिटलं असतं. फार तर बोलणी खावी लागली असती. कॅमेऱ्यासमोर मिरवताना घोटाळा केला, एवढंच कबूल करायचं होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या दारातून डोकावल्या. “काय गं, सगळं ठीक?”

“ठीक, बाई,” धाकटी म्हणाली आणि फ्रीझरचं दार लावलं.

*

वैमानिक वर गेली. काही आठवड्यांनी सामान पोचवणारं यान परत आलं, त्यात तिच्या रक्ताच्या नळ्या होत्या. त्याच सुमारास ताईचंही रक्त घेतलं होतं. धाकटीने दोन्ही तपासली आणि आकड्यांकडे बघत बसली.

आभाळ शांत होतं. पांढऱ्या पेशी चोख काम करत होत्या, जनुकं रोजच्यासारखी वागत होती. ही बाई जणू स्वयंपाकघर आणि बाजार यापलीकडे कुठे गेलीच नव्हती. आणि जमिनीत मात्र उलथापालथ. सुस्तावलेल्या पेशी, गप्प झालेली जनुकं, नको ती जागी झालेली. अंतराळात राहिलेल्या माणसाचं रक्त जसं दिसतं, हुबेहूब तसं.

टोपणं! तिच्या मनात पहिलं तेच आलं. पुन्हा तोच घोटाळा झाला असणार. एकदा नाही, दोनदा चुकले? मग तिच्या लक्षात आलं, की या वेळी नळ्या वेगवेगळ्या दिवशी आल्या होत्या, आणि तिने त्या एकेक करूनच उघडल्या होत्या. पण हा विचार तिने फार पुढे नेला नाही. आपण चुकलो, हे मानणंच सोपं होतं.

मोठ्या बाईंनी आकडे पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. “जमिनीला काय झालंय? बरं नाही का तिला?”

“सर्दी आहे, बाई,” धाकटी म्हणाली. सर्दी नव्हती. तोंडातून शब्द गेला आणि तिला स्वतःचीच किळस आली.

“मग तिचे आकडे या वेळी बाजूला ठेव. आभाळाचे मात्र सोन्यासारखे आहेत.”

त्या रविवारी ती ताईकडे गेली. दारातच तिला काहीतरी वेगळं जाणवलं. ताईचा चेहरा भरल्यासारखा दिसत होता, डोळ्यांखाली सूज, मानेच्या शिरा टचटचीत. गळ्याचं बटण उघडं होतं.

“बसत नाही गं,” ताई म्हणाली. “आणि हे बघ.” तिने झग्याची खालची कड दाखवली. “मीच शिवलेला झगा, आणि आखूड झालाय. कापड आटलं म्हणावं तर सगळेच झगे आखूड. टेप लावून पाहिली, तर मीच वाढलेय. या वयात! आता स्थळं यायला लागतील बघ.”

धाकटी हसली, पण उशिराने. वर गेल्यावर पाठीच्या मणक्यांवरचा भार जातो आणि माणूस दोन बोटं उंच होतो. अंगातलं पाणी वर सरकतं आणि चेहरा फुगतो. पाय मात्र काटकुळे होतात. तिने ताईच्या पायांकडे पाहायचं टाळलं.

“बाकी काय दुखतंय का?”

“दुखत काही नाही. जेवणाला चव लागत नाही. आणि झोप. चादर चारी बाजूंनी घट्ट खोचल्याशिवाय झोपच लागत नाही. नाहीतर आपण कुठेच नाही असं वाटतं.” ताई कात्रीने धागे छाटत होती. “एक सोय मात्र झालीय, केर काढावा लागत नाही.”

टेबलाखालची फरशी लख्ख होती. दिवसभर कापडं कापणाऱ्या बाईची फरशी लख्ख, हे धाकटीने जन्मात पाहिलं नव्हतं. ताईने छाटलेला धागा कुठे पडला ते ती शोधू लागली. खाली नव्हता, मांडीवर नव्हता. मग तिने वर पाहिलं. भिंतीवर उंच एक झरोका होता, वारा यायला जाळी बसवलेला. त्या जाळीवर रंगीबेरंगी धागे, कातरणं, खडूची भुकटी, सगळं दाट चिकटून बसलं होतं.

अंतराळस्थानकात एखादी वस्तू हातातून निसटली, तर ती जमिनीवर शोधत नाहीत. हवा खेचणाऱ्या जाळीपाशी जाऊन बघतात. हे तिनेच एकदा ताईला गंमत म्हणून सांगितलं होतं.

“वाऱ्याने होत असेल,” धाकटी म्हणाली.

“असेल,” ताई म्हणाली.

*

पुढच्या आठवड्यात ताईच्या कमरेवर नागीण उठली. पट्ट्यासारखे लाल फोड, आणि आग आग. डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणच्या कांजिण्यांचंच हे उरलेलं बी, अंगातली शक्ती कमी झाली की जागं होतं, विश्रांती घ्या. धाकटीने मान डोलावली. हे वाक्य ती स्वतः पाहुण्यांना सांगत असे, फक्त अंतराळवीरांबद्दल.

तिने ताईचं रक्त पुन्हा काढलं. कुणाला न सांगता, ताईच्याच खोलीत. शेजारी स्वतःचंही काढलं. दोन नळ्या, एक तिची, एक ताईची, आणि या वेळी तिने टोपणावर नव्हे तर काचेवरच पक्क्या शाईने नावं लिहिली. प्रयोगशाळेत आणून दोन्ही उभ्या ठेवल्या.

रक्त उभं ठेवलं की तांबड्या पेशी हळूहळू तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी उरतं. कुणाचं लवकर बसतं, कुणाचं उशिरा. पण बसतंच, त्यात शिकण्यासारखं काही नाही. जेवून परत आली तेव्हा तिचं स्वतःचं रक्त बसलं होतं. ताईचं बसलं नव्हतं. तळापासून टोपणापर्यंत एकसारखं लाल.

आपल्या हातून नळी हलली असेल, असं म्हणून तिने ती यंत्रात घातली, समोर तोलाला आपली. यंत्र जोरात फिरलं, थांबलं. तिने झाकण उघडलं. तिच्या नळीत स्वच्छ थर लागले होते. ताईची नळी तशीच, एकसारखी लाल. त्या रक्ताला खाली कुठे आहे तेच कळत नव्हतं.

आता चूक टोपणांची म्हणता येत नव्हती. इतके दिवस ज्या चुकीची लाज वाटत होती, तीच चूक आता तिला हवी होती. नुसता घोटाळा, नुसता हलगर्जीपणा. त्यावर बोलणी खाता आली असती आणि घरी जाता आलं असतं.

तिने फ्रीझर उघडला. उड्डाणाआधीच्या दोन्ही नळ्या काढल्या. एकेक करून, नियमाप्रमाणे, त्यांच्या टोपणांची अदलाबदल केली. शिकलेल्या बाईने करण्यासारखं हे काम नव्हतं. कुणी पाहिलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, देव जाणे. नंतर ताईला फोन केला. “कसं वाटतंय?”

“तसंच. का गं?”

“काही नाही, सहज,” असं म्हणून तिने फोन ठेवला आणि टोपणं पुन्हा होती तशी लावली.

*

मग एक सभा झाली. मोठ्या दालनात संस्थेतले सगळे जमले होते, पुढच्या रांगेत पाहुणे. पडद्यावर थेट अंतराळस्थानकातून वैमानिक बोलणार होती. त्याआधी मोठ्या बाईंनी जाहीर केलं, की इतक्या दिवसांच्या वास्तव्यानंतरही या अंतराळवीराच्या प्रतिकारशक्तीवर ओरखडाही उठलेला नाही. असं आजवर कधी पाहण्यात आलेलं नव्हतं, म्हणून तिचा मुक्काम वाढवायचं ठरलं होतं.

“आणि हे ज्या हातांनी तपासलं, ते हात बघा,” असं म्हणून त्यांनी एक छोटी चित्रफीत लावली.

पडद्यावर धाकटीचे हात आले, माणसाहून मोठे. दोन नळ्या, दोन अंगठे, झटका. दालनात ‘वा!’ उमटलं. मग ते दुसऱ्यांदा. या वेळी एक टोपण टेबलावर घरंगळलं, उजव्या हाताने ते पकडलं, आणि दोन्ही हात क्षणभर एकमेकांवरून गेले. निळं टोपण डावीकडे बसलं. मघाशी ते उजवीकडे होतं. पडद्यावर इतकं स्वच्छ दिसत होतं, की आता कुणीतरी ओरडेल म्हणून तिने अंग चोरलं. लोक टाळ्या वाजवत होते. बाईंनी तिला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. शेजारचा तिच्या पाठीवर थोपटत होता.

मग वैमानिक दिसली. तिच्या मागे दोघं सहकारी तरंगत होते, एकाचे केस डोक्याभोवती पसरलेले. वैमानिकेचे केस खांद्यांवर पडलेले होते. ती तरंगत नव्हती, उभी होती. पट्ट्यांत पाय अडकवले असतील, असं सगळ्यांनी धरून चाललं.

“प्रकृती उत्तम आहे,” ती म्हणाली. “फक्त एक गंमत सांगू? संध्याकाळी तळपाय दुखतात हो, दिवसभर टेबलापाशी उभं राहिल्यासारखे. आणि हे बघा.” तिने डाव्या हाताचं पहिलं बोट कॅमेऱ्यापुढे धरलं. टोकावर बारीक बारीक टोचल्याच्या खुणा होत्या. “इथे टोचण्यासारखं काही नाही, तरी रोज नवी.”

“घरची आठवण येतेय तुम्हाला,” एक पाहुणा म्हणाला, आणि सगळे हसले.

धाकटी बाहेर पडली ती थेट ताईकडे गेली.

ताई पलंगावर बसून हाताने शिवत होती. मशीनच्या पायट्यावर पाय टेकत नाही, म्हणाली. धाकटीने तिला सगळं सांगितलं. फोटोवाला, दुसरी खेप, ‘ठीक, बाई’, सर्दी. सांगताना तिला वर बघवेना. ताईने शिवण थांबवलं नाही. सुई आत, सुई बाहेर.

“म्हणजे माझ्या जागी ती, आणि तिच्या जागी मी?”

“असं होऊच शकत नाही, ताई. टोपणांनी असं काही होत नसतं.”

“होत नसतं ते माझ्या कमरेवर उठलंय.” ताईने धागा तोंडाने तोडला. तुटलेला तुकडा तिच्या ओठांपाशी थांबला, मग सावकाश झरोक्याकडे निघाला. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. “बाईंना सांग.”

“सांगते.”

“कधी?”

“ती उतरली ना, की आपोआपच सगळं... सगळ्यांचं उतरल्यावर पूर्ववत होतं, ताई. थोडे दिवस जातात, पण होतं. आता मुक्काम वाढवलाय, तेवढा गेला की...”

“ठके,” ताई म्हणाली. लहानपणापासून ती धाकटीला ठकीच म्हणायची. “तुला लाज वाटतेय.”

धाकटीला रडू फुटलं. “हो. माझी मान वर होत नाही गं.”

“वाटू दे. चुकल्यावर लाज वाटावीच. पण तुझ्या लाजेपायी मला वर ठेवू नकोस.”

*

ती बाईंच्या दाराशी गेली. एकदा नव्हे, पुष्कळदा. दर वेळी बाई कुणाशीतरी आनंदाने बोलत असत. एकदा त्या एकट्याच होत्या. “ये, ये,” म्हणाल्या, “तुझंच नाव पहिलं घालतेय बघ शोधनिबंधावर.” धाकटीने बहिणीच्या आजारपणासाठी रजा मागितली. बाईंनी लगेच दिली, वर म्हणाल्या, “काळजी घे गं तिची. फार उपकार आहेत आपल्यावर.”

ताईचं बोलणं कमी होत गेलं. चादर खोचून पुरेना, तेव्हा तिने धाकटीकडून कमरेवरून पलंगाला रुंद इलॅस्टिकचा पट्टा बांधून घेतला. स्वतःच माप सांगितलं. टोक कुठे दुमडायचं, टाका कुठे घालायचा, तेही सांगितलं.

“उतरायला थोडेच दिवस राहिलेत,” धाकटी म्हणायची.

“हं,” ताई म्हणायची.

उतरायच्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा दालनात जमले. पडद्यावर मोकळं मैदान, त्यात होरपळलेलं यान, भोवती माणसं. इतके महिने वर राहिलेल्या माणसाला उचलूनच बाहेर काढावं लागतं. पाय धरत नाहीत, मान तोल सांभाळत नाही. खुर्ची तयार होती.

वैमानिकेने खुर्चीला हाताने नको म्हटलं. ती बाहेर आली, मैदानातून सरळ चालत गेली, आणि एका डॉक्टरच्या कोटाची उसवलेली बाही तिने जाता जाता बोटांनी सारखी केली.

टाळ्यांचा पाऊस पडला. धाकटीने कोपऱ्यात जाऊन ताईला फोन लावला.

“ताई, ती उतरली. काही फरक वाटतोय?”

पलीकडून बराच वेळ नुसती हवा ऐकू येत राहिली. “नाही गं,” ताई म्हणाली. आवाज फार लांबून आल्यासारखा होता, आणि उशिरा.

तेव्हा धाकटी गर्दीतून वाट काढत मोठ्या बाईंपाशी गेली आणि टाळ्या चालू असतानाच तिने सगळं सांगून टाकलं. आवाज खाली न आणता, एका दमात. ज्या गोष्टीला इतके महिने तिची जीभ धजली नव्हती, ती सांगायला फार वेळ लागला नाही.

बाई तिला रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिथे वैमानिक हसत उभी होती, पाय घट्ट रोवून.

“मग आज आपण खाली कुणाला आणलं?” बाईंनी विचारलं.

धाकटीनेही पडद्याकडे पाहिलं.

“आणि दुसरीला आणायला,” बाई अगदी हळू म्हणाल्या, “आता कुणाला पाठवू?”

धाकटी जिने चढून ताईच्या खोलीत गेली. भर दुपार होती. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, कात्री होती तिथेच होती.

ताई पट्ट्याखाली पडून होती. डोळे उघडे.

“सांगितलं, ताई. बाईंना सांगितलं मी.”

“बरं केलंस.”

“उशीर झाला गं माझ्याकडून.”

ताई तिच्याकडे पाहत राहिली, पण नजर जवळ येईना.

“ठके,” ती म्हणाली, “इथून तू किती लहान दिसतेस.”

पट्टा सैल झाला होता. चादरीची कड सुटली होती. ती तरी नीट करावी, म्हणून धाकटी वाकली. पलीकडून खोचायला तिने ताईच्या पाठीखाली हात घातला. हात गादीवरून सरकत पलीकडच्या कडेपर्यंत गेला, आणि वाटेत कशालाच लागला नाही.